फुटाला एक इंच मापाचा ट्रक

मालाच्या गाडीत माणसं का बसवतात, हे तुम्ही आजवर कुणाला विचारलंय का? चहाच्या टपरीवर गप्पा मारताना नव्हे. ज्याची गाडी आहे त्याला, ज्यानं ती ठरवली त्याला, ज्या कारखान्याच्या फाटकात ती जाऊन उभी राहते तिथल्या माणसाला विचारलंय का? मी विचारलंय. तोंडी विचारलं, अर्जात विचारलं, पत्रकावर छापून आठवडी बाजारात वाटलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण कुणी वाचलंच नाही. मग मी तोच प्रश्न लाकडाचा, कागदाचा आणि ऑइलपेंटचा केला आणि खुर्चीवर ठेवला. तो ट्रक कसा केला आणि त्याचं पुढं काय झालं, ते सांगतो.

आमची वस्ती दिंद्रुडपासून सायकलीच्या अंतरावर आहे. दिवाळी सरली की वस्तीच्या तोंडाशी ट्रक येऊन लागतो आणि ऊस तोडायला जाणारी टोळी त्यात चढते. टोळीतल्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. माझे आईवडील हा असाच एक कोयता. आधी सामान चढतं: फडावर उभारायच्या कोपीचे, म्हणजे झोपडीचे, बांबू, ताडपत्री, बाजरीची पोती, पत्र्याच्या चुली, हंडे, गोधड्या, कोंबड्यांचं डालगं. त्यावर माणसं. एखादी शेळी असली तर ती माणसांच्या मध्ये, कारण ती कडेला भिते. नारळ फुटतो, गाडी हलते आणि वस्ती रिकामी होते.

माझे वडील एका लहानशा कामगार संघटनेचे जुने कार्यकर्ते. ऊस तोडायला जाताना त्यांच्या वळकटीत पत्रकांचा गठ्ठा असतो. दिवसभर मोळ्या बांधून झाल्या की दुसऱ्या टोळ्यांच्या कोप्यांवर जाऊन ते वाटतात. उरलेली पत्रकं घरी येतात. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, कौलाच्या फटीत पत्रकं कोंबलेली, माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं. मला 'निषेध' हा शब्द 'नमस्कार'च्या आधी लिहिता येत होता. वडील म्हणायचे, अक्षर मोठं काढावं आणि मागणी सगळ्यांसाठी करावी. मी दोन्ही शिकलो. आता मी दिंद्रुडच्या एका छपाईच्या दुकानात काम करतो. तिथं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करून पोट भरतो आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहितो. दोन्हीकडे अक्षर मोठंच लागतं.

आईची पाठ गेली ती ट्रकमध्ये. रात्रीच्या प्रवासात गाडी एका गतिरोधकावरून तशीच उडाली आणि वर बसलेली आई आधी उचलली गेली, मग चुलीच्या पत्र्यावर आदळली. तो हंगाम तिनं तसाच काढला. घरी आल्यावर अंबाजोगाईला डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, वाकायचं नाही, हादरा बसू द्यायचा नाही. वाकायचं नाही हे ऐकून आई दवाखान्यातच हसली. हादऱ्याचं मात्र तिनं मनावर घेतलं. "मी वाकीन," ती म्हणाली, "पर परत तसं वर बसायचं न्हाई मला."

एकट्या वडिलांना कुणी टोळीत घेत नाही. अर्धा कोयता चालत नसतो. एसटीनं जा म्हणावं, तर गाडी कुठल्या फडावर सोडायची हे टोळी नेणाऱ्या मुकादमालाही निम्म्या वाटेत कळतं. तेव्हा आमच्या घरापुरतं सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं: आईला ट्रकवर न बसता ऊसतोडीला पोचता आलं पाहिजे. संघटनेची मागणीही नेमकी तीच होती, वर्षानुवर्षं छापली जात असलेली. सामान ट्रकमध्ये, माणसं बसमध्ये. पुढच्या दिवाळीलाही ती मान्य झाली नाही आणि आई कमरेला पट्टा बांधून परत त्याच गाडीवर चढली.

तेव्हाच मी ठरवलं. कागद कुणी वाचत नाही, पण वस्तू समोर आली की माणूस वाकून बघतो. पुढच्या वर्षीची बोलणी होतील तेव्हा मुकादमापुढं हा ट्रकच ठेवायचा, भरलेला, सगळ्यांसकट. त्या दिवशी सामान चढत होतं तेव्हा मी शिंप्याची टेप घेऊन गाडीची मापं घेतली. ड्रायव्हर बिडी ओढत बघत होता.

"गाडीला सदरा शिवतूस का बे?"

"हो. कापड तेवढं तुमी आणा."

"मागनं जरा सैल ठेव. भरल्यावर फुगती."

फुटाला एक इंच असं माप धरलं. सुतारकीतलं सोपं माप आहे हे, हिशेब डोक्यात बसतो. त्या मापात माझी आई पाच इंचही भरत नाही.

ट्रक गेल्यावर वस्तीची सवय व्हायला वेळ लागतो. मागं राहणाऱ्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या येतात. त्या मी एका दोरीत ओवून खुंटीला लावतो. वाऱ्यानं त्या भिंतीवर घासतात आणि सुरुवातीला मला कुणीतरी आल्यासारखं वाटतं. ट्रक जिथं उभा होता तिथं कुत्री बसून राहतात. कुणाच्या घरातून धूर निघत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. संक्रांतीला मी दुकानातून तिळगूळ आणतो आणि तो द्यायला वस्तीत एकच माणूस असतो: समोरच्या घरातले आबा. त्यांना कमी ऐकू येतं. लोकांच्या राहिलेल्या शेळ्या ते सांभाळतात. सकाळी दुकानात जाताना मी त्यांना हात करतो, दुपारी परत येताना हात करतो. कधीकधी दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही आणि संध्याकाळी आईचा फोन आला की घसा आधी खाकरावा लागतो.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय केलतंस?"

"पिठलं."

"परत पिठलं?"

"आवडतं मला."

"आवडतं म्हणं." मग पाठीचं विचारावं तर रेंज जायची, किंवा ती गेली असं म्हणायची.

ट्रकचं मी तिला सांगितलं नाही.

सांगाड्यासाठी सुताराच्या भुश्यातून सागवानाच्या दोन पट्ट्या मिळाल्या. त्यांच्यात आडव्या पट्ट्या बसवल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कमानपाटे केले, एकावर एक, खालचा आखूड, वरचा लांब, आणि तारेनं बांधले. दोन चाकांमधल्या दांड्यांना छत्रीच्या काड्या. चाकं झिजलेल्या चपलांच्या तळव्यांची, जशी आम्ही लहानपणी करायचो, फक्त आता ब्लेडनं त्यांच्यावर टायरची नक्षी कोरली. मागची चाकं जोडीनं लावावी लागतात, त्यामुळं चपला पुरेनात. वस्तीतली उकिरड्यावरची एकेक चप्पल मी शोधून आणली. चाकावर नटबोल्टचं कडं असतं, त्याच्यासाठी बरेच दिवस काही सापडेना. एकदा फोडणी करताना मोहरी हातात आली आणि कोडं सुटलं. चिमट्यानं एकेक दाणा गोंदात बसवला. पुढच्या दिव्यांच्या काचा म्हणजे आईच्याच गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे फुगवटे.

केबिन कागदाची. आधी काळ्या मातीचा साचा केला, त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेली पत्रकं थरावर थर चिकटवली. एक थर उन्हात कडक वाळला की दुसरा. घाई केली की आत ओल राहते आणि केबिनला पोक येतं. पहिली तशीच गेली. दुसरी टिकली. माती कोरून काढली, खिडक्या कापल्या, पॉलिश पेपरनं घासून घासून कडा सरळ केल्या. घासताना थर उघडे पडायचे आणि दारावर मध्येच 'जाहीर' दिसायचं, टपावर 'हक्कासाठी'. एवढी वर्षं वाटलेला कागद एकदाचा कशाला तरी उपयोगी पडतोय असं वाटलं आणि त्या विचाराचा रागही आला. कागद वाचण्यासाठी असतो.

आबा रोज संध्याकाळी शेळ्या बांधून येऊन बसायचे.

"काय चाललंय बे?"

"ट्रक करतोय, आबा."

"भाड्यानं लावायचा का?"

"न्हाई. सभेत ठेवायचाय."

"मंग बरं हाय. डिझेल लागायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. मी परत तेच उत्तर द्यायचो. बोलायला तेवढंच होतं.

रंगाला वस्तीतली धूळ बसू देईना. आधी रेड ऑक्साइडचा हात दिला, तो वाळेपर्यंत त्यावर धुळीचे खडे. घासून परत दिला, परत खडे. मग मी ओसरीत मच्छरदाणी बांधली आणि ट्रक घेऊन आत बसलो. भर दुपारी, एकटा, मच्छरदाणीत. आबांनी बाहेरून वाकून बघितलं.

"नवरी बसवली का आत?"

केबिन केशरी केली, हौद्याच्या कडेचे फाळके निळे, कडेनं पांढरी पट्टी. पट्टीसाठी शून्य नंबरचा ब्रश आणि श्वास धरून ठेवणं. रंग पातळ झाला तर ओघळतो, जाड झाला तर ब्रशचे केस त्यात उमटतात. रॉकेल मिळत नाही म्हणून टर्पेंटाइन थेंबथेंब घालायचं. सगळं झालं आणि मी मच्छरदाणीतून बाहेर येऊन बघितलं तर ट्रक नवाकोरा, जत्रेत विकायला ठेवल्यासारखा. हा ट्रक मुकादमापुढं ठेवला असता तर त्याला आनंदच झाला असता. म्हणून मग तो जुना केला. उसानं फाळक्याला जिथं ओरखडे पडतात तिथं ब्लेडनं खरवडलं. बिजागऱ्यांखाली स्पंजच्या तुकड्यानं गंज टिपला. रस्त्यावरची माती चाळून, गोंदाच्या पाण्यात कालवून चाकांच्या वरच्या बाजूला मारली. डावा मागचा दिवा फोडला, उजवा तारेनं बांधला. खऱ्या गाडीचे तसेच आहेत.

मागचा फाळका रंगवताना मला कुठं जाऊन बघावं लागलं नाही. दर वर्षी गाडी निघाली की मी फाट्यावर त्या फाळक्याकडं बघत उभा असतो. साखळीला लावलेले काळे गोंडे, 'हॉर्न प्लीज'मधला झिजलेला र्न, आणि खाली लाल अक्षरात 'आईचा आशीर्वाद'. तो 'शी' जरा मोठा आहे, पेंटरला जागेचा अंदाज आला नव्हता. मीही तो मोठाच काढला.

मग माणसं. तारेला चिंध्या गुंडाळून अंग, चिखलाची डोकी, बोराएवढी. बायांना जुन्या साड्यांच्या काठाचे पदर. त्यांना गाडीत बसवताना मला वाटलं होतं की हे सगळ्यात सोपं जाईल, आणि गेलंही. सगळी नीट ओळीनं, केबिनवरून पुढं बघणारी, ताठ मानेची. आई मधोमध, हिरव्या लुगड्याची. गाडी बघून मला भरून आलं. मी ती कोनाड्यात ठेवली, वर कापड टाकलं आणि ऊन तापायची, टोळी परतायची वाट बघत बसलो.

टोळी आली तेव्हा आईला दोघांनी धरून खाली घेतलं. तिला उभं राहायला भिंत लागली. दोनतीन दिवस ती नुसती पडून होती. मग एका सकाळी तिनं स्वतःच कोनाड्यावरचं कापड काढलं. मी चहा करत होतो.

"हे काय, आपली गाडी?"

"हो."

तिनं वाकू नये म्हणून मी ट्रक उचलून तिच्यापुढं बाजेवर ठेवला. ती मागच्या बाजूनं बघत बघत पुढं आली. चाकावर बोट फिरवलं.

"मव्हरी हाय का ही?"

"नटबोल्ट केलेत."

"मव्हरी इकडं घातली, तवाच रोज पिठलं." मग आत वाकून बघितलं. "मी कंची ह्यात?"

"ही. हिरवी."

तिनं त्या हिरव्या पदराला बोट लावलं आणि तसंच ठेवलं. मला वाटलं, तिलाही भरून आलं असावं.

"ही सगळी पुढं काहून बघतेत?"

"गाडी पुढं जाती म्हणून."

"अरं पुढं तोंड करून कोण बसतं? वारं झोंबतं, डोळ्यात कचरा जातो. केबिनच्या पत्र्याला पाठ लावून बसतेत सगळी. मागं तोंड करून."

"सगळी?"

"सगळी. आमी मागंच बघत जातो. गाव दिसंल तवर गाव. तू फाट्यावर उभा असतूस, ते दिसतं."

"तुला मी दिसतो?"

"दिसतूस की. वर कुठं बघतूस तू? फाळका वाचत उभा असतूस."

चहा उतू गेला. आई म्हणाली, "ते बघ आधी."

मी तर दर वर्षी त्या गाडीच्या मागं उभा असतो. सगळ्या जगात मलाच ती माणसं समोरून दिसायला हवी होती. पण वर बघवत नव्हतं म्हणून मी अक्षरं वाचत राहिलो आणि माणसं करायची वेळ आली तेव्हा डोळ्यापुढं दुसरंच चित्र आलं. आमच्या पत्रकाच्या डोक्यावर ते छापलेलं असतं: कोयता घेतलेला बाप्या, पोर कडेवर घेतलेली बाई, दोघांची हनुवटी वर, नजर पुढं, समोर सूर्य. मी लहानपणापासून ते चित्र इतक्यांदा पाहिलंय की कष्टकरी माणूस पुढंच बघतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या आईला मी त्या चित्रातली बाई करून ठेवलं होतं.

माणसं उखडावी लागली. गरम पाण्यात बुडवलेल्या ब्लेडनं एकेक सोडवली, काही मोडली, ती नव्यानं केली. आता त्यांना उलटं बसवायचं म्हणजे मागून बघणाऱ्याला चेहरे दिसणार, आणि आधीच्या डोक्यांना मी चेहरे काढलेच नव्हते. बाभळीच्या काट्यानं डोळे काढायला शिकलो. आई अंगणात शेंगा निवडत बसायची आणि मी ओसरीतून तिच्याकडं बघून काढायचो.

"काय बघतूस? दुकान बंद हाय का?"

"जरा इकडं बघ."

"इकडंच बघतीय."

पावसाळा त्यात गेला. दसऱ्याच्या आधी मुकादम टोळी ठरवायला वस्तीवर आला. तो काही परका माणूस नव्हे. त्यानंही कधीकाळी ऊस तोडलेला आहे आणि वडिलांना तो मान देतो. मंदिरापुढच्या लिंबाखाली बाप्ये बसले, बाया पाराच्या पलीकडं. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर ट्रक ठेवला. वडील उभं राहून पत्रक वाचायला लागले तर मुकादमाचं लक्षच नव्हतं. तो स्वतःच्या खुर्चीवरून उठून ट्रकपुढं उकिडवा बसला होता.

"ही आपलीच गाडी की. डावा लाईट बी फुटलेला हाय." त्यानं चाक फिरवून बघितलं. ते फिरलं. "फिरतं बे हे." मग मोबाईल काढला, फोटो काढले. सगळे उठून भोवती आले. वडील अजून वाचत होते.

"ह्याच्यातली माणसं निघतेत का?" मुकादमानं मला विचारलं.

"न्हाई. चिकटवलीत."

"सोडव. मोकळी गाडी दे मला. घरी काचेच्या कपाटात ठेवतो."

"माणसांसकट ठेवा."

"माणसं कशाला रे कपाटात?"

"गाडीत कशाला?" मी म्हणालो. काही जण हसले. मुकादमही हसला, पण उठून उभा राहिला.

वडिलांनी कागद खाली घेतला. "बसचं बोला."

"कारखाना बस देत न्हाई, मी कुठनं आणू? मी बी सांगून बघितलंय. मला बी दोन शिव्या मिळाल्यात." खोटं वाटलं नाही ते. तो जरा थांबला, परत ट्रककडं बघितलं. "पर पोरानं कष्ट केलेत. वहिनीची पाठ मला बी मालूम हाय. वहिनीला केबिनात बसवतो, डायवरच्या शेजारी. जाताना बी, येताना बी. शब्द हाय."

"एका बाईची मागणी न्हाई आमची," वडील म्हणाले.

पाराच्या पलीकडून आई म्हणाली, "माझी हाय."

मुकादमानं ठरलं म्हणून मान हलवली आणि चहा मागवला.

घरी वडील बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. "सगळ्यांचं मागायला गेलतो. एकीचं घेऊन आलो."

"तुमच्या मागणीला कंबर असती म्हंजे कळलं असतं," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली त्यातल्या प्रत्येकात 'सर्वांना' हा शब्द ठळक अक्षरात आहे. सवलत एकाला आणि मागणी गार, हे मुकादमांचं जुनं औषध आहे. त्यावरही मी लिहिलंय. वडिलांचं बरोबर होतं. पण मी आईला नको म्हणालो नाही, आणि नको म्हणायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

दिवाळी झाली, गाडी आली. सामान चढलं, मग माणसं. आईला मी आणि ड्रायव्हरनं हात देऊन केबिनात चढवलं आणि तिच्या पाठीमागं गोधडी दुमडून ठेवली. वरून तिच्या बरोबरीची एक बाई म्हणाली, "राणीसाहेब, काच वर घ्या, धूळ येईल." बाकीच्या हसल्या. आई हसली नाही, तिनं उत्तरही दिलं नाही. एरवी तिच्याशी बोलण्यात कुणी जिंकत नाही.

मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी पुढून गेली आणि मी वर बघितलं. होती सगळी, तशीच, पत्र्याला पाठ लावून, माझ्याकडं तोंड करून. वडील होते, त्यांनी हात केला. पोरं होती, शेळी होती. त्या रांगेत जी जागा आईची असायची तिथं पोत्यावर पोतं रचलेलं होतं. तिचा चेहरा बघायला मी शिकलो आणि नेमका तो तिथं नव्हता, कारण मीच तो तिथून हलवला होता. केबिनच्या डाव्या बाजूला आरसा असतो. मला वाटलं, त्यात दिसेल. त्यात नुसतं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मी घसा खाकरला.

"पोचलाव."

"पाठ?"

"बरी हाय. लईच फरक पडला. उतरले ते माझ्या पायानं उतरले." मग जरा थांबून, "तू आलता का फाट्यावर?"

"आलतो की."

"दिसला न्हाईस. केबिनातनं मागचं काय दिसत न्हाई. आरशात बघाया गेले तर डायवर म्हणला, मावशे, डोकं मागं घे, मला मागची गाडी दिसंना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. वस्तीत नेहमीसारखं कुणी नव्हतं.

"आन अजून एक," ती म्हणाली. "रात्री झोप लागली मला. पयल्यांदा. वरच्या बायांना लागत न्हाई. मागून येणाऱ्या गाड्यांचा उजेड पडतो तोंडावर, रातभर. एक गेली की दुसरी. मी पदर ओढून घ्यायचे, पोरांच्या डोळ्यांवर हात धरायचे. वर होते तवर ध्यानातच आलं न्हाई, असंच असतंय वाटायचं. आता खाली अंधारात बसले तवा कळलं." आणि मग रेंज खरोखरच गेली.

बसची मागणी आम्ही सोडलेली नाही. पुढचं पत्रक मी लिहायला घेतलंय. त्यावर वडिलांची सही असेल आणि पहिल्यांदाच आईचीही असेल, ती तिनं स्वतः मागितली आहे. ट्रक सध्या दिंद्रुडच्या बसस्टँडसमोर एका टेबलावर असतो, बाजारच्या दिवशी. लोक वाकून बघतात. मागच्या बाजूनं बघा, असं मी त्यांना सांगतो. त्यासाठी मी तुमच्याकडं सही मागत नाही, वर्गणी मागत नाही, सभेलाही बोलावत नाही.

एवढंच मागतो. दिवाळीनंतर तुम्ही रात्री कुठल्याही रस्त्यानं गाडी चालवत निघालात आणि पुढं माणसांनी भरलेला ट्रक दिसला, तर हॉर्न वाजवू नका. जरा अंतर ठेवा, आणि त्याच्या मागं आहात तोवर तुमच्या गाडीचा दिवा खाली करा.